दोष शोधण्यात लेकराचे दिवस घालवू नका



बदनापूर तालुक्यातील एका भगिनीचे चार पानांचे पत्र या सदराकडे आले आहे. त्यांचे नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती योग्यच आहे. नवरा जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला जातो. त्या स्वतः रोजाने मोसंबीच्या बागेत आणि कापूस वेचणीला जातात. मुलगा सहा वर्षांचा आहे. तो दीड वर्षाचा होऊन गेला तरी चालला नाही. चालू लागला तो चवड्यांवर आणि डोलत डोलत. त्याला पळता येत नाही. पायरी चढताना भिंत धरतो, दिवसातून चार-पाच वेळा पडतो. पोटऱ्या मात्र पहिलवानासारख्या भरलेल्या. आजी म्हणायची, लेकरू गुटगुटीत आहे, अंगाने जड आहे म्हणून आळस करते. एका खासगी दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा यकृतात दोष आहे असे सांगून वर्षभर काविळीची औषधे दिली. शेवटी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आजाराचे खरे नाव कळले : डूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. डॉक्टर थोडक्यात डीएमडी म्हणतात.

त्या दिवसापासून घरात एकच विषय आहे. सासरचे म्हणतात, "आमच्या खानदानात असं कुणाला नव्हतं, हे हिच्या माहेरचं रक्त." कुणी मागल्या जन्माचे पाप काढतो, कुणी नवऱ्याला दुसरे लग्न सुचवतो. पत्राच्या शेवटी या ताईंनी चार प्रश्न विचारले आहेत. हा आजार माझ्यामुळे झाला का? याला ते सोळा कोटींचे इंजेक्शन लागते का, आणि आमचे दीड एकर रान विकावे का? मुलाला शाळेत घालावे की घरीच ठेवावे? आणि धाकट्या बहिणीची सोयरीक जमत आली आहे, तिकडे हे सांगावे की लपवावे?

हे प्रश्न एकट्या ताईंचे नाहीत. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलगे जन्माला येतात, तेव्हा त्यांतल्या एकाला हा आजार असतो. म्हणजे प्रत्येक तालुक्यात अशी दोन-चार घरे असणारच. म्हणून उत्तर जाहीर देत आहे.

आजार म्हणजे काय?

आपल्या स्नायूंच्या पेशींत डिस्ट्रोफिन नावाचे एक प्रथिन असते. भिंतीतल्या विटांना सिमेंट जसे धरून ठेवते, तसे हे प्रथिन स्नायूच्या पेशीचे आवरण धरून ठेवते. आपण चाललो, उठलो, बसलो की स्नायूंवर ताण येतो. डिस्ट्रोफिन असले की तो ताण सोसला जातो. ते नसले की पेशी फाटते, भरून येते, पुन्हा फाटते. काही वर्षांनी भरून येण्याची ताकद संपते आणि स्नायूच्या जागी चरबी व चिवट तंतू साचू लागतात. पोटऱ्या भरलेल्या दिसतात त्या त्यामुळेच. ती ताकद नसते, सूज म्हणा किंवा भर म्हणा. हे प्रथिन कोणत्या जनुकामुळे तयार होते, याचा शोध अमेरिकेत लुई कंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ च्या सुमारास लावला. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी फ्रान्समधील डॉक्टर डूशेन यांनी या आजाराचे वर्णन केले होते, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले.

हा आजार ओळखण्याची एक खूण प्रत्येक आईला आणि अंगणवाडीताईला माहीत असावी. लेकराला जमिनीवर बसवा आणि उठायला सांगा. निरोगी मूल झटकन उठते. हे मूल आधी पालथे होते, हात-पाय जमिनीला टेकते, मग एक एक हात गुडघ्यावर, मग मांडीवर ठेवत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभे राहते. विल्यम गॉवर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ साली ही खूण नोंदवली. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. तीन-चार वर्षांचे मूल असे उठत असेल तर "वयात आला की सुटेल" म्हणून थांबू नका.

दुसरी गोष्ट रक्ताच्या तपासणीची. सीपीके नावाची साधी तपासणी असते. निरोगी माणसात तिचा आकडा साधारण दोनशेच्या आत राहतो, या मुलांत तो हजारोंच्या घरात जातो. याच मुलांचे एसजीओटी आणि एसजीपीटी हे आकडेही वाढलेले असतात. ते यकृताचे आकडे म्हणून ओळखले जातात, पण ते स्नायूंतूनही रक्तात उतरतात. म्हणूनच कित्येक मुलांना काविळीची औषधे चालू राहतात आणि मोलाची वर्षे जातात. मूल चालताना पडत असेल आणि हे आकडे वाढलेले असतील, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, सीपीके बघायचं का?" शेवटचा निकाल जनुकाच्या तपासणीने लागतो. तीही रक्तावरच होते.

आईचा दोष आहे काय?

आता पहिला प्रश्न. ताई, याचे उत्तर सरळ आहे : नाही. पण नुसते "नाही" म्हणून सासरचे ऐकणार नाहीत, म्हणून कारण समजून घ्या आणि त्यांनाही वाचून दाखवा.

डिस्ट्रोफिनचे जनुक एक्स या गुणसूत्रावर असते. बाईजवळ दोन एक्स असतात, पुरुषाजवळ एकच. बाईच्या एका एक्सवरील जनुक बिघडले तरी दुसरे काम चालवून नेते, म्हणून ती बहुधा धडधाकट असते आणि आपल्यात असे काही आहे याचा तिला पत्ताही नसतो. तिला वाहक म्हणतात. तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, कारण बाप त्याला वाय देतो. निसर्गाची ही वाटणी आहे. ती आईने ठरवलेली नाही आणि तिला ती बदलताही आली नसती. गरोदरपणात तिने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, कुठे पाय पडला, याचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही.

आणखी एक गोष्ट "माहेरचं रक्त" म्हणणाऱ्यांनी कान देऊन ऐकावी. डूशेन झालेल्या दर तीन मुलांपैकी साधारण एका मुलाच्या बाबतीत आई वाहक नसतेच. हा बिघाड त्या लेकरात नव्यानेच झालेला असतो. मानवाच्या सर्व जनुकांत हे जनुक सर्वांत लांब. लांबलचक दस्त उतरवून काढताना एखादी ओळ गळावी, तसे हे होते. त्यात ना माहेर असते, ना सासर.

राहिले मागल्या जन्माचे पाप. असे बोलणारे आपल्याच घरांत, बुद्धाच्या तसबिरीखाली बसून बोलतात, याचे दुःख वाटते. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त तपासून नाकारला आहे. तो नाकारताना त्यांनी आनुवंशिकतेच्या विज्ञानाचाच आधार घेतला. मूल आई-बापांचे गुणधर्म घेऊन येते असे विज्ञान सांगते, आणि गेल्या जन्मीचे कर्म त्याच्या खात्यावर चढवणारी शिकवण या विज्ञानाशी जुळत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. ज्या घरात हा ग्रंथ आहे, त्या घराने लेकराच्या आजाराला पाप म्हणणे शोभत नाही. रमाई आणि बाबासाहेबांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गेली. राजरत्न गेला ते साल १९२६. त्या माउलीच्या पदरात कुणी पाप घालील काय? मग आपल्या सुनेच्या पदरात का घालता?

आणि दादा, दोन शब्द तुमच्यासाठी. दुसऱ्या लग्नाने पहिल्या लेकराचे पाय बळकट होणार नाहीत. त्याला उचलणारे दोन हात मात्र कमी होतील. या आजारात लेकरू दरवर्षी वजनाने वाढते आणि ताकदीने उतरते. ते ओझे एकट्या बाईच्या कमरेने पेलणारे नाही.

बहिणीची सोयरीक

लपवू नका. पण गावभर सांगत सुटण्याचीही गरज नाही. याला एक क्रम आहे. आधी मुलाची जनुक तपासणी करून नेमका बिघाड कोणता ते कळू द्या. मग तोच बिघाड आईच्या रक्तात आहे का ते बघता येते. आईत नसेल तर बहिणीला तो असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही आणि सोयरिकीचा प्रश्नच मिटतो. आईत असेल तर बहिणीची तपासणी करावी.

हे सर्वांत आधी बहिणीला सांगा. रक्त तिचे आहे, संसार तिचा होणार आहे. तपासणी करायची की नाही हे तिने ठरवावे. ती वाहक नसेल तर कुणाला काही सांगण्याचे कारण नाही. ती वाहक निघाली तर लग्नाआधी तिने आणि मुलाने डॉक्टरांसमोर बसून समजून घ्यावे. वाहक मुलगी लग्न करू शकते, निरोगी लेकरांची आई होऊ शकते. तिने फक्त गरोदर राहण्याआधी जनुक-सल्ला घ्यायचा असतो आणि अधूनमधून स्वतःचे हृदय तपासून घ्यायचे असते, कारण काही वाहक बायकांच्या हृदयाचे स्नायू कमजोर होतात. जो मुलगा हे ऐकून पळून जाईल, तो लग्नानंतर कळल्यावर काय वागला असता, याचा विचार करा.

ताईंना स्वतःला दुसरे मूल हवे असेल तर तेही आधी बोलून घ्यावे. आईची तपासणी निर्दोष आली तरी पुढच्या खेपेला थोडा धोका राहतो, कारण बिघाड रक्तात न दिसता बीजांडांत असू शकतो. गर्भातल्या मुलाला हा आजार आहे का, हे गरोदरपणाच्या अकराव्या आठवड्यानंतर वारेचा बारीक तुकडा घेऊन किंवा पुढे गर्भजल घेऊन तपासता येते. लिंगनिदानावर बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेही आनुवंशिक आजारासाठी, नोंदणी झालेल्या केंद्रात, अशा तपासणीला परवानगी दिली आहे. मुलगा की मुलगी हे सांगणे मात्र गुन्हाच आहे. त्यापुढचा निर्णय नवरा-बायकोचा, आणि शरीर तिचे म्हणून आधी तिचा. सासू, नणंद, भाऊकी यांनी त्यात पडू नये.

सोळा कोटींचे इंजेक्शन आणि दीड एकर रान

२०२१ साली मुंबईतील एका तान्ह्या मुलीसाठी लोकांनी वर्गणी करून परदेशी इंजेक्शन आणले. त्याची किंमत सोळा कोटी होती आणि केंद्र सरकारने त्यावरचा सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमधील दुसऱ्या एका बालिकेलाही लोकांनी ते मिळवून दिले, पण काही आठवड्यांतच ती गेली. त्या बातम्यांनी सगळ्या महाराष्ट्राला हळहळायला लावले. म्हणूनच स्नायूचा आजार म्हटला की लोकांना ते इंजेक्शन आठवते.

पण ताई, तो आजार वेगळा. त्याचे नाव स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. त्यात पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरतात, आणि तो मुलाला होतो तसा मुलीलाही होतो. तो आई आणि बाप दोघेही वाहक असतील तेव्हाच होतो. म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नांत, मामाची मुलगी करण्याच्या आपल्या चालीत, अशा आजाराचा धोका वाढतो. डूशेनचे तसे नाही. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. स्पायनल आजाराचे रिसडिप्लाम नावाचे पोटात घ्यायचे औषध एका बाटलीला सहा लाखांच्या आसपास पडे. कोर्टकचेरी होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय कंपनीचे तेच औषध सुमारे सोळा हजारांत बाजारात आले. औषधाचा भाव दगडावरची रेघ नसतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

डूशेनवरही जनुकाचे एक इंजेक्शन अमेरिकेत २०२३ साली निघाले. त्याची किंमत तिथल्या पैशांत बत्तीस लाख डॉलर, म्हणजे पंचवीस कोटींच्या वर. ते आजार मुळापासून बरा करीत नाही आणि २०२५ साली ते घेतलेली दोन मुले यकृत निकामी होऊन दगावली. संशोधन चालू आहे, उद्या चांगले काही निघेल अशी आशा जरूर ठेवा. पण दीड एकर रान विकून मिळेल असे डूशेन बरे करणारे औषध आज जगात कुठेही नाही.

यावर पोट भरणारे मात्र आहेत. कुणी मालीशवाला महिनाभरात पळवून दाखवतो म्हणतो. कुणी उतारा काढतो, गंडा बांधतो. आणि कुणी चकचकीत दवाखान्यात मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचून लाखो रुपये घेतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात की रक्ताच्या काही आजारांखेरीज मूळ पेशींचा वापर फक्त मंजूर संशोधनातच व्हावा, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. जो पैसे मागतो त्याच्या दारातून परत फिरा. रान राहू द्या. ते लेकराच्या पुढच्या वर्षांना लागणार आहे.

सरकारी मदतीचा रस्ता वेगळा आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाच्या यादीत डूशेन आणि स्पायनल हे दोन्ही आजार आहेत. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातले एक अधिकृत केंद्र आहे. या धोरणातली मदतीची मर्यादा २०२२ साली पन्नास लाखांपर्यंत वाढवली गेली. पैसे घरच्यांच्या हातात येत नाहीत, केंद्रामार्फतच उपचार होतो. नाव नोंदवून ठेवणे मात्र आपल्या हातात आहे.

मग आज करायचे काय?

बरे करता येत नाही याचा अर्थ काहीच करता येत नाही असा नव्हे. पूर्वी ही मुले बारा वर्षांच्या आत चाकाच्या खुर्चीत बसत आणि बहुतेक विशीच्या आत-बाहेर जात. आज नीट काळजी घेतलेली मुले तिशीपर्यंत आणि त्यापुढेही जगतात, शिकतात, काम करतात. हा फरक महागड्या इंजेक्शनाने पडलेला नाही, तर पुढील साध्या गोष्टींनी पडला आहे.

पहिली म्हणजे स्टिरॉइडची गोळी. प्रेडनिसोलोन ही स्वस्त गोळी आहे, तशीच डिफ्लाझाकोर्ट. योग्य वयात सुरू केली तर मूल दोन-तीन वर्षे जास्त चालते आणि छाती व कणा जास्त दिवस शाबूत राहतो. तिचे दुष्परिणाम आहेत. चेहरा सुजतो, भूक व वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात, मूल चिडचिडे होते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची आणि राहिलेल्या लसी सुरू करण्याआधी टोचून घ्यायच्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पैसे नाहीत किंवा कुणी काही सांगितले म्हणून ती गोळी एकदम बंद करू नका. एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

दुसरी गोष्ट ताणाचा व्यायाम. या मुलांची टाच वर ओढली जाते आणि पाऊल आखडते. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे टाच हातात धरून पाऊल हळूच वर दाबायचे असते. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, मग घरी आई, बाप, आजी कुणीही करू शकते. रात्री झोपताना घालायच्या पट्ट्या मिळतात, त्यांचाही उपयोग होतो. मात्र "व्यायामाने बळ येईल" म्हणून उठाबशा, उड्या, जिने चढणे-उतरणे करून घेऊ नका, त्याने पेशी जास्त फाटतात. मूल दमले की बसू द्या. तो आळस नाही.

तिसरी गोष्ट नियमित तपासणी. हृदय हाही स्नायूच आहे, म्हणून वर्षातून एकदा हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. पुढे श्वासाची ताकदही मोजावी लागते. आणि कुठेही लहानसे ऑपरेशन करायचे असेल, अगदी दात काढायचा असला तरी, आधी आजाराचे नाव सांगा. भूल देण्याची काही औषधे या मुलांना घातक ठरतात. आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून दप्तरात ठेवावी.

घरातल्या लहान गोष्टीही मोठ्या असतात. अशा मुलाला काखेत हात घालून उचलू नका, खांदे सैल असल्याने ते हातातून निसटते. एक हात पाठीला आणि एक मांड्यांखाली घालून उचला. उकिडवे बसणे त्याला जमत नाही, म्हणून भोक पाडलेली खुर्ची संडासात ठेवा. ओली फरशी, दारातला उंबरठा, खाटेची उंची बघा. दूध, अंडी, डाळ, पालेभाजी द्या, सकाळचे ऊन द्या. लाडाने फरसाण, बिस्किटे मात्र देऊ नका, कारण वाढलेले प्रत्येक किलो त्याच्याच पायांना उचलावे लागते.

शाळा आणि कागद

शाळेत घालाच. यात दुसरे मत नाही. या आजारात पाय जातात, डोके जात नाही. काही मुलांना वाचणे-लिहिणे थोडे जड जाते, पण ते वाढत जाणारे नसते आणि शिकवल्याने सुधारते. ज्याचे पाय चालणार नाहीत, त्याला पुस्तक इतरांपेक्षा जास्त हवे. आपल्या समाजाला हे नव्याने सांगायला नको.

कायदा पाठीशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे नाव आहे. चाळीस टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "आमच्याकडे सोय नाही" म्हणून शाळेने परत पाठवणे बेकायदेशीर आहे. असे झाले तर तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. अर्जात मोजकेच मागा : वर्ग तळमजल्यावर, दारात उतार, बाक पुढचा, धावण्याच्या तासाला सक्ती नको, लघवीला नेणारे कुणीतरी. पुढे परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकही मिळतो. शाळेत जाणे अगदीच अशक्य झाले तर घरी येऊन शिकवण्याचीही तरतूद आहे.

त्यासाठी आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, आणि तपासणी जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात करून घेता येते. त्या कार्डावर एसटी-रेल्वेची सवलत, चाकाची खुर्ची आणि इतर योजनांचे दार उघडते. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांना तपासायला येते. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्या राज्यातल्या पालघरपासूनच सुरू झाला. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, उलट पहिल्या नंबरला उभे करा.

शेजाऱ्यांनो, तुमच्यासाठी

शेवटचे बोलणे त्या भगिनीशी नाही, तिच्या वस्तीशी आहे. रोजाने जाणाऱ्या बाईचा दवाखान्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. बदनापूरहून जालना वीस किलोमीटर, संभाजीनगर त्याच्या दुप्पट. सहा वर्षांचे लेकरू कडेवर, फाइल काखेत आणि एसटीच्या उंच पायऱ्या. आज सहा वर्षांचे आहे, उद्या दहा वर्षांचे होईल तेव्हा कडेवर बसणार नाही. बचत गटाने महिन्यातून एक दिवस तिच्याबरोबर एक बाई पाठवली तरी पुष्कळ. वस्तीतल्या शिकलेल्या पोराने यूडीआयडीचा अर्ज भरून दिला तर तिचे दोन हेलपाटे वाचतील. वर्गातल्या पोरांना त्यांच्या आयांनी सांगावे की हा पडतो तेव्हा हसायचे नाही, आणि ढकलाढकली तर मुळीच करायची नाही.

आणि ज्या विहाराला पायऱ्या आहेत, तिथे वंदनेला हे लेकरू येणार कसे? दोन-चार गोण्या सिमेंट, थोडी वाळू आणि गवंड्याचा एक दिवस, एवढ्यात उतार बांधून होतो. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला मिरवणूक निघेल तेव्हा या मुलाची खुर्ची पुढच्या रांगेत असू द्या आणि ती ढकलायला पोरांनी पाळी लावावी. या वर्षीच्या वर्गणीत उताराचा खर्च आधी धरा, रोषणाईचा नंतर.

जयभीम.